कॅप्टन तारा, राकेश शर्मा आणि उन्हाळ कांदा

1989 साली दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ नावाची मालिका लागायची. पुठ्ठ्याचं वाटावं असं एक अवकाशनगर, भरपूर लुकलुकते दिवे, त्या नगराचा प्रमुख कॅप्टन तारा आणि त्याचा हाडवैरी जखाकू. लासलगावात ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांच्या ओसरीवर आजूबाजूची पोरं दाटीवाटीने बसून हे सगळं बघत. त्याच काळात, त्याच निफाड तालुक्यात, ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या धावपट्टीवरून एक गृहस्थ मिग विमानं चाचणीसाठी आकाशात नेत होते. त्यांचं नाव राकेश शर्मा. तोवर अंतराळात जाऊन आलेले ते एकमेव भारतीय नागरिक होते. खोटा अंतराळवीर घरात, खरा तालुक्याच्या आभाळात आणि खाली मार्केटात नेहमीसारखा कांद्याचा लिलाव, असा तो मामला.

अवकाशयुगाच्या गोष्टी आपण ह्यूस्टन, बायकोनूर आणि श्रीहरिकोटा इथून सांगतो. रॉकेटं तिथून उडाली, तेव्हा ते रास्तच आहे. पण उडालेली वस्तू कुठे ना कुठे पोचते. ती लासलगावला पोचली तेव्हा काय झालं, हेही बघण्यासारखं आहे.

आधी ओझरचं सांगायला हवं, कारण या तालुक्याने आकाशाशी पहिला व्यवहार केला तो तिथे. 1962 च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. 1964 मध्ये मिग-21 विमानांचा कारखाना ओझरला उभा राहू लागला. विमान सोव्हिएत, परवाना सोव्हिएत. ज्या तालुक्यात तोवर ऊस, द्राक्ष आणि कांदा यांचीच चर्चा, तिथे आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाणारं विमान बनायला लागलं. ओझर तालुक्याच्या पश्चिमेला, मुंबई-आग्रा रस्त्यावर. लासलगाव दुसऱ्या अंगाला, मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. इथली बाजार समिती 1947 ची. देशात कांद्याचा भाव काय, हे विचारायचं झालं की आधी लासलगावचं नाव निघतं, ते काही उगाच नाही.

21 जुलै 1969 च्या सकाळी, आपल्या घड्याळात साडेआठ वाजायला आले असताना, नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला. अमेरिकेने तो टीव्हीवर पाहिला. भारतात तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत. नाशिक जिल्ह्याने चंद्र ऐकला, तो रेडिओवर, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचला. ऑक्टोबरच्या 26 तारखेला हे तिन्ही चांद्रवीर जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेले. तेव्हा मुंबईतही टीव्ही नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते 2 ऑक्टोबर 1972 ला.

चित्र नसलं तरी अवकाशाची भूक मात्र होती, आणि ती छापील मजकूर भागवत होता. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता. नाशिकहून पोतनिसांच्या ‘गांवकरी’ परिवाराचं ‘अमृत’ हे मासिक निघे. जगभरच्या नवलाच्या गोष्टी सोप्या मराठीत देणारं ते मासिक खेड्यातल्या शिक्षकांच्या आणि वाचनालयांच्या ओळखीचं होतं. आणि खुद्द निफाड तालुक्यातल्या शिरवाड्याच्या घराण्यातल्या वि. वा. शिरवाडकरांनी तर कुणी उपग्रह सोडण्याच्या कितीतरी आधी, ‘विशाखा’त, पृथ्वीला सूर्याच्या प्रेमात पाडून बाकीचे ग्रह नाकारायला लावले होते. त्या कवितेतलं खगोलशास्त्र कुणी तपासत बसलं नाही, आणि बसूही नये.

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव बनवलं होतं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केलेला खगोलशास्त्रज्ञ आपल्या नावाचा वशिला लागू नये म्हणून एवढी खटपट करतो, ही मला त्या कथेइतकीच आवडणारी गोष्ट आहे. मराठी विज्ञानकथेला त्यानंतर जे बळ आलं, त्यात बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी बरीच मंडळी होती. यातले फोंडके मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधक होते. हे केंद्र पुढे लासलगावला येणार आहे, तेव्हा नाव लक्षात ठेवावं.

आता टीव्हीकडे. भारताने उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा पहिला मोठा प्रयोग केला तो 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘साइट’ म्हणत. उपग्रह अमेरिकेने उसना दिलेला, एटीएस-6. कल्पना विक्रम साराभाईंची, पण प्रयोग पाहायला ते उरले नव्हते. अमलात आणणाऱ्यांमध्ये दोन मराठी माणसं आघाडीवर होती, कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस आणि पुण्याचे प्रमोद काळे. काळे म्हणजे 1963 मध्ये थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं त्या चमूतले. सहा राज्यांतल्या 2400 गावांत सार्वजनिक टीव्ही संच ठेवले गेले. छपरावर तीन मीटर रुंदीच्या थाळ्या लावल्या गेल्या, आणि त्या कशाच्या, तर कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या तारेच्या जाळीच्या. पृथ्वीपासून छत्तीस हजार किलोमीटर दूर असलेल्या यंत्राचा आवाज खुराड्याच्या जाळीत धरायचा, ही इस्रोच्या इंजिनियरांची हुशारी. भूस्थिर उपग्रहाची कल्पना 1945 मध्ये मांडणारे विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत. इस्रोच्या लोकांनी त्यांच्या घरावरही अशी एक थाळी बसवून दिली.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आंध्र होता, कर्नाटक होता, मध्य प्रदेश होता. म्हणजे आजूबाजूच्या राज्यांतली खेडी उपग्रहावरून शेतीचे कार्यक्रम बघत असताना लासलगावचा शेतकरी ते रेडिओवरच ऐकत होता. पुढारलेल्या राज्याला असा तोटा अधूनमधून होतो.

तेवढ्यात आभाळ खाली यायची वेळ आली. जुलै 1979 मध्ये अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही निकामी झालेली प्रयोगशाळा कोसळणार आणि ती कुठे पडेल सांगता येत नाही, अशी बातमी आली. देशभर पोलीस सावध झाले, लोक धास्तावले. 11 जुलैला ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. तिथल्या एस्पेरन्स गावाने रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलरचा दंड ठोठावला. असा रोखठोकपणा आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीला शोभला असता.

1980 हे साल या तालुक्याने अवकाशासाठी लक्षात ठेवलेलं नाही. ते कांद्याचं साल. जानेवारीतली लोकसभेची निवडणूक इंदिरा गांधींनी कांद्याच्या चढलेल्या भावावर गाजवली. शहरात कांदा महाग म्हणून सरकार बदललं आणि शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या भावाचं रडगाणं तसंच राहिलं. चाकणला कांद्यासाठी सुरू झालेलं शरद जोशींचं आंदोलन उसाची मागणी घेऊन नाशिक जिल्ह्यात पसरलं. नोव्हेंबरमध्ये शेतकऱ्यांनी रस्ते आणि रेल्वे रोखली. लासलगावच्याच मार्गावरच्या खेरवाडी स्टेशनात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोन शेतकरी गेले.

त्याच वर्षी 18 जुलैला श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-3 या रॉकेटने 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. स्वतःच्या रॉकेटवर स्वतःचा उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारत आला. प्रकल्पाचे संचालक अब्दुल कलाम आणि त्या वेळी थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे प्रमुख वसंत गोवारीकर. हे तेच गोवारीकर, ज्यांच्या नावाने 1988 पासून मॉन्सूनचा सोळा घटकांचा अंदाज ओळखला जायला लागला. रॉकेटचं घन इंधन बनवणाऱ्या माणसाचं नाव शेतकऱ्याच्या तोंडी बसलं ते पावसामुळे. ‘गोवारीकरांनी काय सांगितलंय यंदा?’ हा प्रश्न पुढे बरीच वर्षं बांधावर ऐकू यायचा.

एका छोट्या तालुक्यात एका वर्षात रॉकेटचा आनंद आणि खेरवाडीचा गोळीबार एकत्र मांडले की कुणीतरी हमखास विचारतं, उपग्रहाचे पैसे शेतीला दिले असते तर? प्रश्न वाईट नाही, पण नेम चुकलेला आहे. खेरवाडीला शेतकरी पैसे नव्हे, भाव मागत होते. भाव श्रीहरिकोटा बंद करून वाढला नसता.

आणि उपग्रहाचा उपयोग लवकरच दारात येणार होता. एप्रिल 1982 मध्ये इन्सॅट-1ए सोडला गेला. 15 ऑगस्टला रंगीत टीव्ही आणि राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झालं. सप्टेंबरात त्या उपग्रहाचं इंधन संपलं आणि तो वाया गेला. सगळी मदार मग त्याच्या पाठच्या भावावर, इन्सॅट-1बी वर.

या 1बी ची कथा जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण विज्ञानकथेची टीव्ही मालिका आणि खरा अंतराळप्रवास यांचा जो गुंता एका धाग्यात सापडतो, तो इथेच.

1966 ते 1969 या काळात अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही मालिका चालली. 79 भाग झाले आणि चंद्रावर माणूस उतरायच्या दीडेक महिना आधी शेवटचा भाग दाखवून ती बंद पडली. प्रेक्षक मात्र हटेनात. पुढे नासाने पहिलं स्पेस शटल बांधलं तेव्हा या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि 1976 मध्ये त्या यानाचं नाव मालिकेतल्या जहाजावरून ‘एंटरप्राइझ’ ठेवायला लावलं. मालिकेत उहुरा नावाची दळणवळण अधिकारी होती. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स या कृष्णवर्णीय नटीला नासाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वेगळंच काम दिलं, बायका आणि कृष्णवर्णीय यांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून देशभर फिरून सांगण्याचं. त्या भरतीत जे निवडले गेले त्यांत गायन ब्लूफर्ड होते. 30 ऑगस्ट 1983 च्या मध्यरात्रीनंतर चॅलेंजर हे शटल ब्लूफर्डना घेऊन उडालं आणि ते अंतराळात जाणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. शटलचं रात्रीचं हे पहिलंच उड्डाण, आणि ते रात्री करावं लागलं त्याचं कारण पोटात असलेला माल. तो माल म्हणजे आपला इन्सॅट-1बी. दुसऱ्या दिवशी उपग्रह यानातून बाहेर सोडला गेला, त्या कामात ब्लूफर्ड यांचाही हात होता. उपग्रहाचा सौर पंख उघडेना, म्हणून हासनच्या नियंत्रण केंद्रातल्या लोकांची काही दिवस झोप उडाली, पण सप्टेंबरात तो उघडला. ऑक्टोबरात उपग्रह कामाला लागला.

मग 1984 मध्ये टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा सुरू झाला. काही महिने तर देशात रोज सरासरी एक नवं केंद्र उघडत होतं. आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी जी इंग्रजी मालिका दाखवली, ती कोणती? ‘स्टार ट्रेक’. अठरा-वीस वर्षं जुनी झालेली. जिच्या नावाने शटलचं बारसं झालं, जिच्या नटीने माणसं गोळा केली, त्या माणसांनी त्या जातीच्या यानातून जो उपग्रह सोडला, त्याच्यावरून ती मालिका फिरून नाशिक जिल्ह्यातल्या घरांत आली. असं कथानक कुणी लिहून दिलं असतं तर दिवाळी अंकाच्या संपादकाने ‘योगायोग फार झाले’ म्हणून परत पाठवलं असतं.

ते घरात येताना कसं दिसे? काळा-पांढरा संच, लाकडी पेटीतला, पुढे सरकवायची दारं असलेला. त्याच्यावर भरतकामाचं कापड. शेजारी व्होल्टेज स्टॅबिलायझर, कारण लाइटचा काही भरवसा नाही. आणि छपरावर बांबूला किंवा लोखंडी पाइपाला बांधलेला अँटेना. वारा सुटला की तो फिरायचा, माकड बसलं की वाकायचा. मग घरातला थोरला मुलगा वर चढे आणि खालून-वरून आरोळ्या सुरू होत.

‘दिसतंय का गं आई?’

‘नाही रे, नुसत्या मुंग्या!’

‘आता?’

‘आता दिसतंय, पण एकाचे दोन दिसताहेत. थोडा मनमाडच्या अंगाला घे. बस, बस, हलवू नको! आता तिथेच धरून बस.’

धरून बसणाऱ्याने काय बघायचं, याचं उत्तर कुणाकडे नसे.

इंग्रजी मालिकेतलं बोलणं बहुतेकांच्या डोक्यावरून जाई. त्याने काही अडत नव्हतं. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक आणि खोलीत उभा राहून विरघळत नाहीसा होणारा माणूस यांना भाषांतर लागत नाही. त्याच सुमारास ‘जायंट रोबॉट’ ही जपानी मालिकाही दूरदर्शनवर होती. त्यातल्या पोराने मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडला की आकाशातून राक्षसाएवढा यंत्रमानव यायचा. मनगटाला तोंड लावून हुकूम देणारी पोरं त्या दिवसांत गल्लोगल्ली होती.

पण प्रामाणिकपणे बोलायचं तर लासलगावच्याच काय, उभ्या देशाच्या दृष्टीने ऐंशीच्या दशकातली सगळ्यांत मोठी अवकाशयुद्धाची मालिका ‘रामायण’ होती. 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडत. दोन बाण समोरासमोर येऊन आभाळात थबकत, एकातून आग, दुसऱ्यातून पाणी, आणि शेवटी एक जण विझून जाई. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणायची आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा संच तिला जोडायचा, इतकी तयारी. ‘स्टार ट्रेक’साठी कुणी ट्रॅक्टरची बॅटरी सोडवली असेल असं मला वाटत नाही. पुष्पक विमान समोर दिसत असताना एंटरप्राइझचं अप्रूप किती वाटणार? या देशातल्या विज्ञानकथेच्या मालिकांना पुराणांशी स्पर्धा करावी लागली, आणि त्या बहुधा हरल्या.

तरी 1989 मध्ये दूरदर्शनने प्रयत्न केला, आणि तो हिंदीत केला, म्हणून पोरांपर्यंत पोचला. ‘सिग्मा’वर ‘स्टार ट्रेक’ची छाप लपत नव्हती. ‘इंद्रधनुष’ मात्र वेगळी होती. आनंद महेंद्रू यांच्या या मालिकेत काही मुलं घरी संगणक जुळवतात आणि त्यातून काळाच्या मागेपुढे जाण्याची वाट सापडते. त्यात ऊर्मिला मातोंडकर होती, आशुतोष गोवारीकर होता आणि शाळकरी वयाचा करण जोहरही होता. यातल्या गोवारीकरने पुढे 2004 मध्ये नासात काम करणाऱ्या माणसाला एका भारतीय खेड्यात आणून, ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करायला लावली. ‘स्वदेस’ बघताना ‘इंद्रधनुष’ आठवावी असं त्या पिढीच्या लोकांना वाटतं, ते काही चूक नाही.

आता राकेश शर्मांकडे परत यायला हवं. 3 एप्रिल 1984 ला ते बायकोनूरहून सोयूझ टी-11 मधून उडाले, सोबत मालिशेव आणि स्ट्रेकालोव. आठवडाभर सॅल्यूत-7 या स्थानकावर राहिले आणि 11 एप्रिलला परतले. खायला मैसूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने बांधून दिलेले भारतीय पदार्थ होते. इंदिरा गांधींनी त्यांना वरून भारत कसा दिसतो असं विचारलं आणि त्यांनी इक्बालांच्या गाण्यातली ओळ उत्तरादाखल म्हटली, ते दृश्य दूरदर्शनने इतक्या वेळा दाखवलं की ज्यांनी ते त्या दिवशी पाहिलं नाही त्यांनाही ते पाहिल्यासारखं वाटतं. मॉस्को, सॅल्यूत आणि दिल्ली या तीन ठिकाणांना जोडणारं ते बोलणं, आणि एप्रिलचा महिना. लासलगावात त्या दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी आणि आवक जोरात. दिवसभर गोण्या वाहून दमलेला हमाल रात्री बातम्यांत आपलाच एक माणूस तरंगताना बघतो, हे दृश्य ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर घडलं असणारच.

शर्मा मूळचे वैमानिक. 1971 च्या युद्धात त्यांनी मिग-21 उडवलं होतं. हवाई दल सोडून ते 1987 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये आले आणि 1992 पर्यंत नाशिक विभागात, म्हणजे ओझरला, मुख्य चाचणी वैमानिक होते. चाचणी वैमानिकाचं काम सिनेमातल्यासारखं नसतं. कारखान्यातून बाहेर पडलेलं किंवा दुरुस्त होऊन आलेलं विमान ठरवून दिलेल्या यादीप्रमाणे उडवायचं, कुठे थरथरतं, कुठे ओढतं, कुठला काटा खोटं बोलतो ते टिपायचं, खाली येऊन इंजिनियरांना सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. ओझर परिसरातच चाचणीच्या वेळी एक मिग-21 कोसळलं आणि त्यातून ते थोडक्यात बचावले. अंतराळात आठवडाभर राहून सुखरूप परतलेला माणूस निफाड तालुक्याच्या आभाळात मरता मरता वाचला. जखाकूच्या हल्ल्यातून कॅप्टन तारा दर भागात सुटायचा, त्याच्या भोवती मात्र पार्श्वसंगीत असायचं.

कॅप्टन ताराचा आणि कांद्याचा काही संबंध नाही, पण ज्या उपग्रहावरून तो येत होता त्याचा होता. इन्सॅट-1बी च्या पोटात टीव्हीच्या यंत्रणेबरोबर एक कॅमेरा होता, ढग टिपणारा. बातम्यांच्या शेवटी देशाचा नकाशा आणि त्याच्यावर पिंजलेला कापूस टाकल्यासारखे ढग दिसायला लागले. ज्याचा रब्बीचा कांदा शेतात काढून पडला आहे, किंवा चाळीत भरायचा राहिला आहे, त्याला त्या चित्रात मालिकेपेक्षा जास्त रस असतो. ढगाळ हवा राहिली की करपा येतो, भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, गारपीट झाली तर बोलायलाच नको. अंदाज चुकायचे, भरपूर चुकायचे. तरीही बातम्या संपत आल्या की आवाज मोठा करायला सांगणारा म्हातारा प्रत्येक घरात होता. ‘मालिका नंतर लावा रे, आधी ते ढग बघू द्या.’

नव्वदच्या दशकात घाईघाईने सगळं बदललं. केबल आली, छपरावरचे अँटेने गंजले, रविवार सकाळची मक्तेदारी संपली. 1994 मध्ये नारळीकरांनी दूरदर्शनवर ‘ब्रह्मांड’ ही सतरा भागांची मालिका सादर केली. तोवर पुण्यात त्यांची ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था उभी राहिली होती. कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’ भारतात आधीच येऊन गेली होती, आणि तिच्या एका भागाचं चित्रीकरण तमिळनाडूत झालेलं होतं. ‘ब्रह्मांड’कडे तसा झगमगाट नव्हता. एक मध्यमवयीन प्राध्यापक शांतपणे विश्व समजावून सांगतो आहे, एवढंच. पण त्या शांतपणाला मराठी घरांत मान होता. 2021 मध्ये नाशिकला भरलेल्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दिलं गेलं तेव्हा ते प्रकृतीमुळे मंडपात येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा मान मिळायला तेवढी वर्षं लागली, हे नाशिकच्या खाती जमा आहे.

1998 मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ दूरदर्शनवर आली. मिलिंद सोमण अवकाशातला नायक, चांदीच्या रंगाचे पोशाख, संगणकावर काढलेली यानं. त्याच वर्षी अवकाळी पावसाने आणि टंचाईने कांदा भडकला, दिल्लीत तो सफरचंदाच्या भावाने विकला जायला लागला आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत तिथलं सरकार गेलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी लासलगावची वाट धरली ती तेव्हापासून. आता उपग्रहावरून लासलगावचंच चित्र देशभर दिसत होतं, ट्रॅक्टरांच्या रांगा, ओळीने उभ्या राहिलेल्या गाड्यांमधून चालत बोली लावणारे व्यापारी, मूठभर कांदा हातात घेऊन दाबून बघणारा एखादा आडत्या. देशातल्या पुष्कळ लोकांनी लासलगाव पहिल्यांदा पाहिलं ते असं.

राहता राहिलं भाभा अणुसंशोधन केंद्र. 2002 मध्ये त्यांनी लासलगावला ‘कृषक’ नावाचं केंद्र सुरू केलं. कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा हलका मारा केला की कांद्याला कोंब फुटत नाहीत आणि तो अधिक काळ टिकतो, असं ते तंत्र. किरणांचा मारा केलेलं अन्न 1972 मध्ये अपोलो-17 च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या वारीत खाल्लं होतं. चंद्रावरच्या शिदोरीचं तंत्र तीस वर्षांनी उन्हाळ कांद्यासाठी आलं.

कांद्याने फारसं मनावर घेतलं नाही. किलोमागे पैशांचा हिशेब करणाऱ्या शेतकऱ्याला चाळ स्वस्त पडते. त्याचा कांदा बांबूच्या भिंतींच्या, वारा खेळत्या चाळीतच जात राहिला. मग 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, अट एकच, फळातली कीड मारण्यासाठी किरणांचा मारा हवा. देशात तेव्हा त्यासाठी मंजुरी मिळालेलं केंद्र होतं लासलगावात. एप्रिलमध्ये हापूस आणि केशरच्या पेट्या आल्या, कोबाल्टसमोरून फिरल्या आणि तिथून अमेरिकेला रवाना झाल्या.